गाडीवाचून अडतंय कुणाचं?

आलात का वहिनी? रात्री तुमच्या स्वयंपाकघरात दिवा दिसला, तेव्हाच म्हटलं, सकाळी भिंतीशी गाठायचंच. नात कशी आहे? आणि तुम्ही अशा उतरलात काय हो? लेक जेवायला घालत नव्हती की काय? बरं, ते सगळं नंतर. आधी इकडची बातमी ऐका. आमच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू आल्यात. डोंबिवलीच्या. बँकेत आहेत, बदली होऊन आल्यात, वय पन्नाशीच्या पुढे. मुलगा बंगळूरला, यजमान गेले करोनात. बाई एकट्या. आणि वहिनी, त्यांच्याकडे गाडी नाही.

नाही म्हणजे नाहीच. चारचाकी नाही हे मी समजू शकते, पण दुचाकीसुद्धा नाही. लायसन नाही. सायकलसुद्धा येत नाही. आणि कहर म्हणजे त्याचं त्यांना काही वाटतच नाही!

"मग जातात-येतात कशा?" हाच प्रश्न अख्ख्या गल्लीने मला विचारून झालाय. इस्त्रीवाल्यापासून समोरच्या डॉक्टरीणबाईंपर्यंत. जसे काही बाईंना चालायला पायच नाहीत! सांगते सगळं. गॅसवर काही ठेवलं नाही ना? मग टेका जरा.

तुम्ही गेलात त्यानंतरची गोष्ट. वरची जागा रिकामी होती आणि एजंट पार्ट्या घेऊन यायचा. एक दिवस सकाळी दूध आणायला निघाले, तर पौड रोडच्या कोपऱ्यावर, स्टॉपवर एक बाई उभ्या. खांद्याला पर्स, हातात छोटी वही. बस आली, लोक चढले, बस गेली, बाई तिथेच. वहीत काहीतरी खरडलं. दुसरी आली, तीही सोडली. मी कोथिंबीर घेऊन परत आले तरी जागच्या जागी. आमचे हे म्हणाले, "जनगणनेच्या असतील." अहो, जनगणनावाले घरी येतात, स्टॉपवर माणसं कशाला मोजतील? इस्त्रीवाल्याची तर खात्रीच होती, की कुणीतरी मोठ्या साहेब चेकिंगला आल्यात. त्याने एका कंडक्टरला लांबून खूणसुद्धा केली म्हणे.

आणि दुपारी एजंट घेऊन आला तर ह्याच बाई! खोल्या बघायच्या आधी मला विचारतात, "काकू, रात्री नवानंतर स्टॉपपासून इथपर्यंत रस्त्यावर दिवे असतात का?" मी म्हटलं, असतात. "आणि कुत्री?" मी म्हटलं, एक आहे, पण ते फक्त स्कूटरच्या मागे धावतं. तेव्हा कुठे हसल्या आणि जिना चढल्या. पाणी किती वेळ येतं, गच्ची वापरायला मिळेल का, वाळवणाला ऊन कुठे, काही नाही. एजंट बिचारा पुन्हा पुन्हा सांगतोय, "मॅडम, टू-व्हीलरला कव्हर्ड पार्किंग आहे, पत्रा नवीन टाकलाय." ह्या म्हणाल्या, "ते मला नको. त्याचे भाड्यातून कमी करा."

केले हो कमी. काय करणार? असं मागणारं गिऱ्हाईक कधी भेटलंच नव्हतं.

नंतर चहा पिता पिता बाईंनी सांगितलं. म्हणाल्या, "काकू, एजंट घर दाखवतो रविवारी दुपारी, रस्ते रिकामे असताना. मी कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेला जाऊन उभी राहते. बस किती भरून येते, स्टॉपवर थांबते की वीस पावलं पुढे जाऊन थांबते, बायका चढतात का, हे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आणि परतीचा स्टॉप कुठे आहे ते बघते. लोक जायचा स्टॉप बघतात आणि खूश होतात. यायचा पार पलीकडे, पुढच्या चौकात असतो. संध्याकाळी दमून येताना तोच महत्त्वाचा."

मला सांगा वहिनी, आपली हयात गेली ह्या गल्लीत. परतीचा स्टॉप कुठे आहे ते तुम्ही छातीठोक सांगाल? बघा, गप्प बसलात.

बाणेरला म्हणे त्यांना एक फ्लॅट दाखवला होता. खाली तरणतलाव, जिम, क्लब हाऊस, सगळं. पण मुख्य रस्ता लांब, मधे चढ, आणि फुटपाथचा पत्ता नाही. बाई एजंटला म्हणाल्या, "तलावातून पोहत बँकेत जाऊ का?" बावधनचाही एक असाच सोडला. आपलं हे जुनं घर, भिंतींना ओल, नळाला गंज, पण पौड रोड पाच मिनिटांवर आणि डोक्यावर मेट्रो. म्हणून घेतलं. आमच्या घरात एवढा गुण आहे हे मला त्यांच्याकडून कळलं.

तुम्ही म्हणता तेही खरं आहे हो, पुण्यात गाडीशिवाय राहायचं म्हणजे लोकांना काहीतरी व्यंगच वाटतं. पण आपण तरी कुठे गाड्या घेऊन जन्मलो? माझ्या लग्नात हे सायकलवरून आले होते, आठवतं? सायकलींचंच गाव होतं हे. मग 1972 मध्ये लुना आली आणि बायका सुटल्या. मी त्या लुनावर दळण, पोर आणि गणपतीची मूर्ती एकदमच आणलेली आहे. अहो, गावातच कारखाने! आकुर्डीला बजाजच्या स्कूटर बनायच्या, मग पुणेकर बसची वाट कशाला बघतील? बघता बघता 2018 मध्ये आरटीओचे आकडे छापून आले, गाड्या 36 लाखांवर आणि माणसं 35 लाखांच्या घरात. माणसामागे एक गाडी आणि वर काही नुसत्याच उभ्या. आमच्याकडेच बघा ना, दोन माणसं आणि तीन गाड्या. एक ह्यांची, एक माझी, आणि एक मुलाची. ती त्याने "असू दे, लागेल" म्हणून ठेवलीय. तिच्यावर मांजर झोपतं.

आता बाईंचं रोजचं सांगते. बँक कल्याणीनगरला. आपल्या आयडियल कॉलनीच्या स्टेशनवर चढल्या, की थेट कल्याणीनगरला उतरायचं. वनाज ते रामवाडी 16 स्टेशनं, त्यातली ही. मधे नळ स्टॉप, गरवारे, डेक्कन, नदी, कोर्ट, पुणे स्टेशन, सगळं खालून जातं. अहो, डेक्कनच्या स्टेशनाला मावळ्यांची पगडी घातलीय ना, ती मी खालून कितीदा बघितली होती. आतून बघायला मला ह्या डोंबिवलीच्या बाईंनी नेलं. 2022 च्या मार्चमध्ये मेट्रो सुरू झाली, तेव्हा आख्खं कोथरूड सहकुटुंब गरवारेपर्यंत जाऊन सेल्फी काढून परत आलं आणि दुसऱ्या दिवशी परत स्कूटरवर बसलं. मग 2023 च्या ऑगस्टमध्ये ती रूबी हॉलपर्यंत गेली आणि 2024 मध्ये रामवाडीपर्यंत, तेव्हा कुठे तिचा कामाला उपयोग झाला. तिकीट 10 पासून 35 रुपयांपर्यंत, बस्. शनिवार-रविवारी त्यातही 30 टक्के सवलत. माझी सून बाणेरहून कल्याणीनगरला स्वतःच्या गाडीने जाते. तिला विचारा, पेट्रोल शंभरी पार झालंय आणि येरवड्याच्या सिग्नलला तिचं अर्धं वाचन होतं. पुस्तक गाडीतच ठेवते बिचारी!

डोंबिवलीच्या बाईंना पहिले काही दिवस फार त्रास झाला. कशाचा? जागेचा! "काकू," म्हणायच्या, "डब्यात बसायला मिळालं की मला चुकल्यासारखं होतं." डोंबिवली फास्टला लोंबकळलेलं माणूस ते. सकाळच्या गाडीत शिरायला मिळालं तर नशीब, आणि शिरल्यावर उतरायला मिळालं तर त्याहून मोठं. इथे बसायला जागा, वर एसी, आणि कुणी "सरका" म्हणत नाही. पण गाडीतला ग्रुप नाही, त्याची हळहळ आहे. तिकडे वाढदिवस, डोहाळजेवणं, हळदीकुंकू, सगळं चालत्या गाडीत व्हायचं. इथे प्रत्येक जण कानात बोंडं घालून बसलेला.

बसचं मात्र तसं नाही हं. बसमध्ये अजून माणसं बोलतात. 2007 मध्ये पीएमटी आणि पिंपरीची पीसीएमटी एकत्र करून त्याचं पीएमपीएमएल केलं. आता एवढं लांबलचक नाव घेईस्तोवर बस निघून जाते, म्हणून आपल्या तोंडी पीएमटीच. त्या बाईसुद्धा महिन्याभरात पीएमटी म्हणायला लागल्या. डावीकडची बाकं बायकांची, हे त्यांनी पहिल्याच दिवशी एका कॉलेजकुमाराला शिकवलं. तो म्हणाला, "आजी, माहीत नव्हतं." बाई म्हणाल्या, "आता कळलं ना? आणि आजी नाही, काकू."

भाडं वाढलंय, हो. 2025 च्या जूनपासून पाचाचं तिकीट दहा झालं, दिवसाचा पास 40 चा 70, महिन्याचा 900 चा 1500. तुमचे हे अजून पाच रुपये हातात धरून चढतील बघा आणि कंडक्टरशी भांडतील. आणि सुट्ट्यांची कटकट गेली, मोबाइलवरून पैसे देता येतात, कंडक्टरच कोड दाखवतो. बस कुठवर आलीय तेही मोबाइलवर दिसतं. दिसतं म्हणजे, दिसते तिथे ती असतेच असं नाही. बाईंचा हिशेब पक्का आहे. त्या म्हणतात, "बस वेळेवर येईल असं धरून निघायचं नाही. एक बस चुकली तरी चालेल अशा बेताने निघायचं." डोंबिवलीत ठरलेली 8.13 पकडायची सवय असलेल्या बाईने ही गोष्ट दोन आठवड्यांत ओळखली. आणि आपण? गाडी हाताशी आहे म्हणून वेळेच्या वेळेला निघतो आणि सगळीकडे उशिरा पोचतो.

आता गंमत ऐका. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँक बंद. त्या दिवशी बाई 70 रुपयांचा पास काढतात आणि ज्या बसचा शेवटचा स्टॉप बघितलेला नाही, तीत जाऊन बसतात. शेवटपर्यंत जायचं, उतरून चहा प्यायचा, आजूबाजूला बघायचं, परत यायचं. निगडीला जाऊन आल्या, भोसरीला, हडपसरच्या गाडीतळाला, कात्रजला. सिंहगडाच्या पायथ्याला 50 नंबरने. मी म्हटलं, तुम्हाला कंटाळा कसा येत नाही? म्हणाल्या, "काकू, नवीन गावात आलं की गाव पाठ करावं लागतं. गाडीवाला रस्ता पाठ करतो, मी स्टॉप पाठ करते." बरं, नुसतं बघून येत नाहीत. हडपसरला मेथी कुठे ताजी, आकुर्डीला कुठली खानावळ घरच्यासारखी, कात्रजला दूध-दह्याचं काय, सगळी खबर. आमच्या ह्यांचा जन्म सदाशिव पेठेतला, पण ते बाईंना विचारतात, "भोसरीला जायला कुठून बसायचं हो?"

पण मला खरं कौतुक कशाचं वाटतं सांगू? त्या कुणाची लिफ्ट घेत नाहीत. पहिल्या महिन्यात सगळी गल्ली मदतीला धावली. हे म्हणाले, मी सोडतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मी सोडते. सोसायटीच्या मीटिंगनंतर तर सेक्रेटरी किल्ली फिरवत उभेच. बाई सगळ्यांना हसून नाही म्हणाल्या. मी एकदा आडून विचारलं, तर म्हणाल्या, "काकू, लिफ्ट घेतली की त्या माणसाच्या गप्पा संपेपर्यंत ताटकळायचं. त्याला वाटेत औषधं घ्यायची असतात, हवा भरायची असते. उतरताना दहा वेळा थँक्यू म्हणायचं, आणि पुढच्या वेळी त्याने नुसतं 'कशा जाणार?' विचारलं तरी आपण ओशाळायचं. बस उपकार करत नाही. पैसे दिले, बसलो, उतरलो." पटलं मला. माझी मावसबहीण बघा, नवरा गेल्यापासून प्रत्येक लग्नाला कुणाच्या तरी गाडीत मागच्या सीटवर आहेराच्या पिशव्यांसारखी कोंबलेली असते. निघायचं तेव्हा निघता येत नाही, थांबायचं तेव्हा थांबता येत नाही. तिला बसमध्ये चढायला कुणी शिकवलंच नाही.

परवा सिंहगड रोडच्या एका कार्यालयात लग्न होतं, आमच्याच नात्यातलं, बाईंनाही बोलावलं होतं. आम्ही गाडीने. हे पार्किंग शोधत नदीकडच्या गल्लीत गेले ते अक्षता पडल्यावरच उगवले. बाई बसने आल्या, पैठणी नेसून! पायात कॅनव्हासचे बूट, हातात कापडी पिशवी. पिशवीत चपला आणि स्टीलच्या डब्यात गजरा. कार्यालयाच्या दारात बूट काढून पिशवीत, चपला पायात, गजरा डोक्यात, झालं! मुहूर्ताच्या आधी पहिल्या रांगेत. आत गेल्यावर जो भेटेल तो "कशा आहात?" विचारायच्या ऐवजी "कशा आलात?" विचारतोय. "बसने" म्हटलं की समोरच्याचा चेहरा असा, जणू बाई बैलगाडीने आल्या. त्या बुटांचं मात्र मी लक्षात ठेवलंय. बँकेतही त्यांनी ड्रॉवरमध्ये एक चपलांचा जोड ठेवलाय. चालायचं बुटांत, मिरवायचं चपलांत.

माहेर त्यांचं वाईचं. मेट्रोने जिल्हा न्यायालयाच्या स्टेशनवर उतरायचं, तिथे गाडी बदलून स्वारगेट, आणि स्वारगेटहून एसटी. 2023 च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे ना, त्याचा बाई पुरेपूर फायदा घेतात. गावातल्या बसला मात्र ते लागू नाही हं, तुमची गल्लत होईल. ते न्यायालयाचं स्टेशन बघितलंत का तुम्ही? आपली गाडी वर, स्वारगेटची खाली, जमिनीत 33 मीटर. सरकते जिने उतरत राहायचं, उतरत राहायचं, संपतच नाहीत. वर ऊन आणि खाली गारवा. आमचे हे तिसऱ्या जिन्यावर म्हणाले, कान बसले. मग मंडईला उतरलो आणि वर आलो तर समोर मंडई! गाडी लावायची नाही, पोलीस उचलून नेईल म्हणून मागे बघायचं नाही. मी तोंडल्यांच्या ढिगासमोर एवढी निवांत कधी उभी राहिले नव्हते. 2025 च्या गणपतीत तर विसर्जनाच्या दिवशी सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी रात्री अकरापर्यंत मेट्रो थांबलीच नाही, सलग 41 तास. बाई पहाटे मानाचे नाही, तरी मागचे गणपती बघून आल्या आणि वर चहाला आमच्याकडे.

सगळं गोडगोड नाही, ते पण सांगते, नाहीतर म्हणाल भाडेकरूचं तुणतुणं वाजवतेय. डोंबिवलीला जायचं तर सिंहगड एक्स्प्रेस बरी, कल्याणला उतरता येतं. पण ती सुटते सकाळी सहाच्या सुमाराला आणि मेट्रोही सहालाच जागी होते. मग त्या दिवशी रिक्षा. पहिल्या दीड किलोमीटरचे 25 आणि पुढे किलोमीटरला 17, असा 2022 पासूनचा मीटरचा दर. पण पहाटे मीटर टाकणारा मिळाला तर! रात्री अकरानंतर मेट्रो झोपते, आणि नाटक लांबलं की बाईंचं लक्ष तिसऱ्या अंकात घड्याळाकडे. औंधला त्यांची मैत्रीण आहे. गाडीने म्हणाल तर हाकेच्या अंतरावर, पण बस बदलत जायचं तर निम्मी दुपार वाटेत. त्या मैत्रिणीला त्या डेक्कनलाच बोलावतात आता. पावसात छत्री, पिशवी, पर्स आणि बसचा दांडा, हात कमी पडतात. तांदळाचं पोतं आणि गॅस घरी येतं म्हणून ठीक. बाकी बाजार दोन पिशव्यांत, दोन्ही हातांना सारखं वजन, तेवढाच घ्यायचा. फ्रीज मोकळा असतो म्हणाल्या, ते मात्र मला आवडलं नाही. असो.

अहो, तुम्हीच मघाशी म्हणालात ना, लेकीकडे सहा महिने कोंडून घेतल्यासारखं झालं? फ्रिस्को ना ते, डॅलसच्या वर? तिथे डार्टची, म्हणजे डॅलसच्या लोकलची, गाडी पोचतच नाही म्हणे. एवढा मोठा बंगला, दारात दोन गाड्या, आणि जावई कामावर गेला की तुम्हाला कोथिंबीर आणायची सोय नाही. तिकडे खरंच गाडीवाचून अडतं. इथे तसं नाही. इथे बस आहे, मेट्रो आहे, रिक्षा आहे. इथे अडतं ते शेवटच्या दोनशे पावलांत.

तेच सांगायचंय. बाईंना मी विचारलं होतं, सगळ्यात अवघड काय वाटलं? मला वाटलं गर्दी म्हणतील, वाट बघणं म्हणतील. म्हणाल्या, "घरापासून स्टॉपपर्यंत जाणं." मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्यांच्याबरोबर गेले, तेव्हा कळलं. आपल्या गल्लीच्या फुटपाथवर पहिल्यांदा डॉक्टरीणबाईंच्या पेशंटच्या गाड्या. मग वडापावची गाडी. मग झाडाभोवतीचा तुटका कठडा, त्यात कुणीतरी ओतलेलं सिमेंट घट्ट झालेलं. मग उघडं झाकण, त्यावर खूण म्हणून लावलेली फांदी. उतरून रस्त्याने जावं तर मागून हॉर्न. आणि समजा फुटपाथ मोकळा सापडलाच, तर सिग्नल चुकवणारा स्कूटरवाला त्याच्यावरूनच येतो आणि वर आपल्याकडे डोळे वटारून बघतो. एवढ्या वर्षांत मी त्या फुटपाथवर पाय ठेवला नव्हता, गेटातून गाडी काढली की थेट रस्ता. 33 मीटर खोल स्टेशन बांधता येतं, आणि गल्लीच्या तोंडाशी दोनशे पावलं सपाट करता येत नाहीत!

बरं, एक आतली बातमी. इकडे या, जरा भिंतीजवळ. इतकी वर्षं ह्या गल्लीत कुठे काय शिजतंय ते आधी मला कळायचं, हो ना? आता त्या बाईंना कळतं. रोज स्टॉपवर, बसमध्ये, मेट्रोत, डोळे उघडे आणि कान मोकळे. हेल्मेट नाही, स्कार्फ नाही. कोपऱ्यावरचं दुकान विकलं जातंय, हे त्यांना दुकानदाराच्या भाच्याकडून बसमध्ये कळलं. डॉक्टरीणबाईंच्या मुलीचं ठरलंय, मुलगा नाशिकचा, हे पण. आणि वहिनी, तुमचा धाकटा... रागावू नका हं. शनिवारी संध्याकाळी संभाजी उद्यानाच्या स्टेशनाखाली त्याची बाईक उभी असते आणि शेजारी एक जांभळ्या स्कार्फवाली असते. बाईंनी दोनदा बघितलं. चांगल्या घरची वाटते म्हणाल्या, भेळ खाल्ल्यावर कागद कचऱ्याच्या डब्यात टाकला म्हणे.

तसं नव्हे हो, मी कुणाला बोलले नाही. फक्त ह्यांना आणि इस्त्रीवाल्याला.

आणि खरं सांगायचं ते दुसरंच आहे. गेल्या आठवड्यात बाई परतीच्या स्टॉपवर उतरल्या. स्टेशनाचा जिना चढून पलीकडे उतरता येतं, पण त्यासाठी मागे जावं लागतं आणि गुडघे दुखत होते, म्हणून हात दाखवून पौड रोड ओलांडत होत्या. सगळ्या गाड्या थांबल्या, एक बाईक थांबली नाही. पिशवीला घासून गेली, टोमॅटो रस्ताभर. नंबर बाईंनी बघितला, ओळखलाही, पण त्या मोठ्या मनाच्या, मला नाव सांगितलं नाही. "काळी बाईक, मागे लाल मडगार्ड" एवढंच म्हणाल्या. आपल्या गल्लीत लाल मडगार्डची काळी बाईक एकच आहे, वहिनी, आणि ती आत्ता तुमच्या पोर्चमध्ये उभी आहे.

ओरडू नका त्याला, तरणा पोर आहे. जांभळ्या स्कार्फचा विषय मी त्याच्यापाशी काढणार नाही, शब्द देते. पण एवढं आजच सांगा, रस्त्यात कुणी हात दाखवून चालताना दिसलं, की हॉर्न नाही वाजवायचा, ब्रेक मारायचा.